जीवोपजीवी वनस्पती व आश्रय वनस्पतींचे रासायनिक संरक्षण

दुसऱ्या जिवंत वनस्पतीच्या शरीरात शिरकाव करून तिच्याकडून पाणी, लवणे किंवा तयार अन्न मिळविणाऱ्या सपुष्प वनस्पतींना जीवोपजीवी वनस्पती म्हणतात. ज्या वनस्पतीवर त्या पोसल्या जातात तिला आश्रय वनस्पती किंवा नुसते ‘आश्रय’ म्हणतात. अशा ४,००० हून अधिक जाती ज्ञात असून सपुष्प वनस्पतींच्या एकूण जातींशी त्यांचे प्रमाण सु. एक टक्का पडते. आश्रयाच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांत) घुसणारे शोषकांग हे या सर्वांचे समान लक्षण होय. हरितद्रव्य असलेल्या व आश्रयाकडून मुख्यतः पाणी व लवणे घेणाऱ्या वनस्पती अर्धजीवोपजीवी (उदा., बांडगूळ, चंदन, टारफुला) आणि सर्वच अन्नासाठी परावलंबी असलेल्या वनस्पती पूर्णजीवोपजीवी (उदा., बंबाखू) होत. या वनस्पतींमुळे होणारी हानी म्हणजे केवळ अन्नरसाची चोरी, असे दीर्घकाळ मानले जात असे. आश्रय वनस्पती स्वतःच्या बचावासाठी वा अन्य कामांसाठी जी रासायनिक द्रव्ये तयार करते त्यांचाच उपयोग जीवोपजीवी वनस्पती आश्रयाचा पत्ता काढण्यासाठी आणि स्वतःच्या रक्षणासाठी करते. शिवाय आश्रयाचा प्रतिकारही ती मंद करते. हे ज्ञान प्रामुख्याने १९६० नंतरचे आहे.

दक्षिण महाराष्ट्रात या वनस्पतींचे सर्व प्रमुख नमुने थोड्या अंतरात आढळतात. कोल्हापूर शहराजवळ पंचगंगेपलीकडे पुणे-बंगळूर महामार्गालगत शिरोली येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. ओतीव लोखंडाच्या कारखान्यांसाठी ती प्रसिद्ध असली, तरी तिच्या सभोवार उसाची शेती पसरलेली आहे. अशा वसाहतींतील रस्त्याकडेची झाडे, मोकळ्या जागांतील झुडपे व लगतच्या शेतांचे बांध ही बांडगूळ व अमरवेल यांची नेहमीची स्थाने होत. आंब्याच्या फांदीवर गाठ धरून बसलेले बांडगूळ व कुंपणावर पसरलेले अमरवेलीचे पिवळे जाळे यांची ओळख करून देण्याची मराठी वाचकास गरज नाही. मराठी भाषेत तर ‘बांडगूळ’ हा शब्द दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसासाठीही रूढ झाला आहे. पूर्वेकडील कोरडवाहू ज्वारीच्या पट्ट्यात टारफुला उगवतो. महामार्गाने दक्षिणेस कागलवरून कोल्हापूरपासून सु. ४० किमी. अंतरावरील निपाणीस गेल्यास तेथील तंबाखूच्या मळ्यांत बंबाखू भेटतो. या चार वनस्पतींपैकी पहिल्या दोन खोडावर, तर उरलेल्या दोन मुळांवर वाढतात व शेतकऱ्याच्या दृष्टीने मुळांवरील शत्रू अधिक घातक आहेत, कारण ते जमिनीवर दिसू लागेपर्यंत बरीचशी हानी होऊन गेलेली असते.

वनस्पतीला शत्रूपासून पळून जाता येत नाही. काटे, जाड साल व मेणचट त्वचा यांबरोबरच रासायनिक द्रव्ये हे तिचे प्रमुख संरक्षण असते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, याचे कारण तिच्यातील धुरीन या ग्लायकोसाइडापासून हायड्रोसायानिक अम्ल सुटते. तंबाखूतील निकोटीन व काजऱ्याच्या (कुचल्याच्या) बियांतील स्ट्रिक्नीन ही अल्कलॉइडेही अशाच प्रकारची द्रव्ये होत. काही द्रव्ये सदैव तयार असतात, तर काही शत्रूने आघात केल्यावरच निर्माण होतात. किडीने पान कुरतडल्यास वनस्पतीत जॅस्मोनिक अम्ल या हॉर्मोनाचे प्रमाण वाढते व त्याच्या आदेशाने किडींना अपायकारक द्रव्ये तयार होऊ लागतात. काही बाष्पनशील (सहज वाफ होणारी) द्रव्ये हवेत सुटून त्या किडीच्या शत्रूंना, उदा., तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधील माश्यांना, बोलावूनही आणतात. जिवंत पेशींवर जगणारे कवक व जंतू यांच्याविरुद्ध सॅलिसिलिक अम्लाचा मार्ग मुख्यत्वे उपयोगात येतो. या दोन मार्गांत बहुधा ओढाताण असते; एक जोरात चालू झाला म्हणजे दुसरा मंदावतो. ही ओढाताण पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

आरंभीचा अभ्यास : बंबाखूच्या वंशाचे बी आश्रयाच्या मुळाजवळ असेल तरच रुजते, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ झां प्येर एत्येन व्होशे यांनी १८२३ साली नोंदविले. मूळ आणि बी यांच्यात काही तरी निरोप जातो, असे त्यातून सूचित झाले. परंतु तो निरोप कशाचा आहे हे कळण्यास जवळजवळ दीड शतक लागले. भारतात या विषयाला वेगळ्या दिशेने चालना मिळाली. चंदनाचे झाड मुळांवाटे शेजारच्या झाडांवर उपजीविका करते, ही गोष्ट जॉन स्कॉट यांनी कलकत्ता येथे १८७१ साली निदर्शनास आणली. मद्रास सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. ए. बार्बर यांनी १९०६ च्या सुमारास चंदनाच्या शोषकांगाच्या रचनेचे तपशीलवार वर्णन केले. हेच बार्बर पुढे १९१२ साली स्थापन झालेल्या कोईमतूर येथील ऊस पैदास केंद्राचे प्रवर्तक झाले. को ७४०, को ८६०३२ इ. ज्या वाणांवर कोल्हापूरच्या साखर कारखान्यांची भरभराट झाली त्यांची परंपरा याच केंद्रातून आलेली आहे. टी. कुक यांच्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथात (१९०१–०८) या प्रदेशातील जीवोपजीवी जातींची वर्णने आली. तथापि, या काळातील अभ्यास मुख्यत्वे आकारविज्ञानाचा होता. शोषकांग कसे दिसते हे कळले, पण त्यातून काय काय वाहते याची चौकशी फारशी झाली नाही.

तसे पाहता या चौकशीचा एक धागा वैद्यकात आधीच होता. एकाच जातीचे बांडगूळ कोणत्या झाडावर वाढले आहे यावर त्याचे गुण ठरतात, अशी पारंपरिक वैद्यांची धारणा होती व वंदाक (बांडगूळ) अमुक वृक्षावरचाच घ्यावा असे निर्देश त्यांच्याकडून केले जात. काजऱ्यावर वाढणाऱ्या व्हिस्कम प्रजातीतील बांडगुळाने या धारणेस रसायनशास्त्राचा आधार दिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमध्ये काम करणारे डब्ल्यू. बी. ओशॉनेसी यांना ओरिसातील अशा बांडगुळाच्या पानांत स्ट्रिक्नीन व ब्रूसीन ही काजऱ्याची विषे आढळली. मुंबईतील विल्यम डिमॉक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या फार्माकोग्राफिया इंडिका (१८९०–९३) या ग्रंथातही भारतीय औषधी बांडगुळांची दखल घेतलेली आहे. काजऱ्याचे झाड कोकणात सर्वत्र आढळते. तेथील जाणत्या लोकांना त्यावरील बांडगुळाचे भय वाटत असल्यास ते निराधार म्हणता येणार नाही.

आश्रयाचे विष जीवोपजीवीच्या अंगात केवळ साठून राहते की त्याच्या कामीही येते, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. उत्तर अमेरिकेतील कॅस्टिलेजा या अर्धजीवोपजीवी वनस्पतीवर एल. एस. ॲडलर यांनी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ल्युपिन या शिंबावंत आश्रयाच्या कडू (अल्कलॉइडयुक्त) व गोड (अल्कलॉइडांचे प्रमाण अत्यल्प असलेल्या) अशा दोन प्रकारांवर ही वनस्पती वाढविली असता, कडू आश्रयावरील झाडांना किडींचा उपद्रव कमी झाला, परागण करणाऱ्या पाहुण्यांच्या भेटी वाढल्या व बीही अधिक धरले. भारतातील नेहमीची अमरवेल (कस्कुटा रिफ्लेक्सा) ल्युपिनावर वाढविल्यास त्याची अल्कलॉइडे तिच्यात उतरतात, हे जर्मन संशोधकांनी १९९३ साली दाखविले होते. चंदनाच्या वंशातील एक ऑस्ट्रेलियन झाड बकाण्याच्या मुळांवर वाढले असता बकाण्यातील कीटकनाशक द्रव्ये त्यात येतात, असे २००१ साली आढळून आले. चंदनाच्या रोपाशेजारी तूर वा अन्य आश्रय लावण्याची पद्धत महाराष्ट्रात आता प्रचारात आली आहे. आश्रयाची निवड करताना त्याच्या वाढीबरोबरच त्याच्या रसायनांचाही विचार होणे इष्ट आहे.

टारफुला व ज्वारी : या विषयाच्या इतिहासातील सर्वांत विस्तृत प्रकरण टारफुल्याचे (स्ट्रायगा प्रजातीचे) आहे. ही १५ ते ३० सेंमी. उंचीची, पांढऱ्या, गुलाबी किंवा पिवळ्या नाजूक फुलांची ओषधी होय. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘चेटकिणीचे तण’ असा आहे व तो सार्थ वाटावा असेच तिचे वर्तन असते. तण अद्याप जमिनीखाली असतानाच ज्वारीचे ताट खुरटते, जमिनीत ओल असूनही पाने सुकल्यासारखी दिसतात व कणीस भरत नाही. टारफुल्याचे एक झाड हजारो बिया टाकते. त्या धुळीसारख्या बारीक असून जमिनीत दहा वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. बी रुजल्यावर काही दिवसांत आश्रयाचे मूळ न गवसल्यास मोड मरून जातो. म्हणून मूळ जवळ असल्याची खात्री झाल्याशिवाय बी रुजतच नाही. ऊसही ज्वारीप्रमाणेच तृणकुलातील असल्याने टारफुल्याच्या आक्रमणास बळी पडतो आणि उत्तर कर्नाटकातील उसाच्या शेतांत त्याचा उपद्रव नोंदला गेला आहे.

ही खात्री बी कशावरून करून घेते, या प्रश्नाला निकड आली ती अमेरिकेत. १९५६ साली टारफुला तेथील कॅरोलायना राज्यांतील मक्यात आढळला व त्याच्या निर्मूलनाची मोठी मोहीम हाती घेण्यात आली. तिच्या अनुषंगाने झालेल्या संशोधनात सी. ई. कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली टारफुल्याचे बी रुजविणारे द्रव्य वेगळे काढले व त्याला स्ट्रायगॉल हे नाव दिले. त्याची संपूर्ण संरचना १९७२ साली निश्चित झाली. यातील विलक्षण गोष्ट अशी की, ते द्रव्य ज्वारीच्या किंवा मक्याच्या नव्हे, तर कापसाच्या मुळांच्या स्रावातून मिळाले. कापसावर टारफुला वाढू शकत नाही. कापसाच्या मुळाशी रुजलेले बी उपाशी मरते व जमिनीतील बियांचा साठा तेवढा कमी होतो. ज्वारीनंतर कापूस घेण्याच्या फेरपालटीला त्यामुळे एक वेगळेच शास्त्रीय समर्थन लाभले.

शत्रूला आमंत्रण देणारे द्रव्य वनस्पती मुळात सोडतेच का, हे कोडे मात्र आणखी चाळीस वर्षे सुटले नाही. जपानमधील के. आकियामा व सहकाऱ्यांनी २००५ साली असे दाखविले की, स्ट्रायगॉल व त्यासारखी द्रव्ये (स्ट्रायगोलॅक्टोने) ही मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांना बोलाविण्यासाठी सोडली जातात. ही कवके वनस्पतीला जमिनीतील फॉस्फरस मिळवून देतात. २००८ साली हीच द्रव्ये खोडाचे फुटवे आवरणारी हॉर्मोनेही असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे टारफुल्याने मित्राला धाडलेले पत्र वाटेत उघडून वाचण्याची कला साधली आहे. जमिनीत फॉस्फरस व नायट्रोजन कमी असल्यास ज्वारी हे द्रव्य अधिक सोडते. खत न पडलेल्या, पाण्याची जोड नसलेल्या शेतात टारफुला का माजतो, याचे एक कारण यात आहे. ज्या शेतकऱ्याची ऐपत कमी त्याच्याच शेतात शत्रूला मिळणारे आवतण मोठे असते.

ज्वारीच्या बाबतीत यापुढचीही एक गुंतागुंत आहे. तिच्या मूलरोमांतून सॉर्गोलिओन नावाचे द्रव्य पाझरते व ते आसपासच्या तणांची वाढ रोखते. ज्वारीनंतरच्या पिकात तण कमी येते, या अनुभवामागे हेही एक कारण आहे. एम. चँग, डी. जी. लिन इ. शास्त्रज्ञांनी १९८६ साली दाखविले की, याच द्रव्याचे एक अस्थिर रूप टारफुल्याचे बी रुजविते. इतर तणांवर चालणारे हत्यार या एका तणाला मात्र निरोप वाटते. त्याच सुमारास चँग व लिन यांनी शोषकांग बनण्याची प्रक्रियाही उलगडली. टारफुल्याचा मोड आश्रयाच्या मुळाजवळ आला म्हणजे त्या मुळाच्या पेशीभित्तींतील फिनॉलयुक्त घटकांचे ऑक्सिडीकरण होऊन एक क्विनोन संयुग तयार होते. ते मिळताच मोडाची वाढ थांबते व त्याच्या टोकाचे शोषकांगात रूपांतर होते. तटाला भोक पाडण्याचा इशारा तटाच्याच कपच्यांपासून मिळावा, असा हा प्रकार आहे.

शोषकांग आत शिरू लागल्यावर आश्रय स्वस्थ बसत नाही. आंतरराष्ट्रीय निमशुष्क उष्ण कटिबंधीय पीक संशोधन संस्थेतील (पाटणचेरू, हैदराबादजवळ; स्थापना १९७२) शास्त्रज्ञांनी १९८४ साली एन १३ या भारतीय ज्वारीच्या मुळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वाणाच्या अंतस्त्वचेच्या (मुळातील वाहक ऊतकांभोवतीच्या थराच्या) पेशीभित्ती जाड व लिग्निनयुक्त असल्याने शोषकांगाची वाट अडते. ज्या वाणांत अशी आडकाठी नसते त्यांत टारफुला प्रकाष्ठापर्यंत (पाणी वाहून नेणाऱ्या ऊतकापर्यंत) पोहोचतो. तेथून पुढे आश्रयाच्या हॉर्मोनांचा समतोल बिघडतो. ग्रासलेल्या झाडात अवर्षणात वाढणारे ॲब्सिसिक अम्ल वाढते व त्याची पर्णरंध्रे मिटू लागतात. टारफुल्याची पर्णरंध्रे मात्र उघडीच राहतात, कारण या हॉर्मोनाचा आदेश त्याच्यावर चालत नाही. त्यामागचा जनुकीय बदल जपानी शास्त्रज्ञांनी २०१९ साली दाखवून दिला. परिणामी पाण्याचा ओघ आश्रयाच्या पानांकडून टारफुल्याकडे वळतो. शेतकऱ्याला दिसणारी ‘ओल असून सुकलेली’ ज्वारी ती हीच. चवळीवर पश्चिम आफ्रिकेत वाढणाऱ्या टारफुल्याच्या दुसऱ्या एका जातीत तर आश्रयाचा प्रतिकार दडपणारे खास प्रथिन सापडले आहे (२०२०). आक्रमणाच्या जागी आश्रयाच्या पेशी स्वतः मरून शत्रूची वाट बंद करतात. ही क्रिया ते प्रथिन होऊ देत नाही.

बंबाखू व तंबाखू : निपाणी परिसर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, येथील मराठी भाषकांची संख्या मोठी आहे. विडीच्या तंबाखूची ही प्रसिद्ध बाजारपेठ असून १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी याच महामार्गावर केलेल्या आंदोलनाने तिचे नाव देशभर झाले. भावाचा शत्रू सर्वांना दिसला. जमिनीखालील शत्रूची चर्चा शिवारापुरतीच राहिली. बंबाखू (ऑरोबँकी सर्नुआ) या वनस्पतीला हरितद्रव्य नसते. तंबाखूच्या बुंध्याजवळ जमीन फोडून तिचे फिकट, मांसल दांडे झुबक्याने वर येतात व त्यांवर निळसर जांभळी फुले येतात. वांगी, टोमॅटो इ. एकाच कुलातील पिकांवरही ती वाढते. तिचे शोषकांग आश्रयाच्या परिकाष्ठाला (तयार अन्न वाहून नेणाऱ्या ऊतकाला) भिडलेले असल्याने पानांत तयार झालेली शर्करा वजनदार पान बनण्याऐवजी खाली ओढली जाते.

येथे एक प्रश्न सहज उद्‌भवतो. तंबाखूच्या पाल्याचा काढा मावा व इतर किडींवर फवारण्याची रीत जुनी आहे. ज्या निकोटिनामुळे हा काढा कीटकनाशक ठरतो ते पानांत नव्हे, तर मुळांत तयार होते व प्रकाष्ठावाटे पानांत चढते. पान कुरतडले गेल्यास जॅस्मोनिक अम्लाच्या निरोपावरून मुळे ते अधिक तयार करू लागतात. असे असता विषाच्या कारखान्यालाच तोंड लावून बसलेला बंबाखू सुखेनैव कसा वाढतो? निकोटीन प्राण्यांच्या मज्जातंतूंतील विशिष्ट ग्राहींवर (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांवर) आघात करते. वनस्पतीला मज्जासंस्था नसते, त्यामुळे हे बाण तिला लागत नाहीत. वनस्पतीचे रासायनिक शस्त्रागार बव्हंशी किडी, गुरे व कवके यांच्याविरुद्ध उभे राहिलेले असते आणि स्वकीयासारख्याच देहाच्या शत्रूपुढे त्यातील बरीच शस्त्रे निकामी होतात. ज्या द्रव्यांचा उपयोग होतो ती निराळीच असतात. बंबाखूला दाद न देणाऱ्या सूर्यफुलाच्या वाणांची मुळे स्कोपोलेटीन व आयापिन ही कौमारीन वर्गातील द्रव्ये तयार करून बाहेर सोडतात व त्यांमुळे बंबाखूचे बी रुजण्यास व मोड वाढण्यास अडथळा येतो, हे २००१ साली दिसून आले. सूर्यफुलातील या प्रतिकाराशी निगडित असे एक ग्राही-जनुक २०१९ साली ओळखण्यात आले. तंबाखूच्या शेतकऱ्याला मात्र फुले येण्यापूर्वी दांडे उपटणे किंवा कोंबांवर वनस्पतितेलाचे थेंब टाकून ते जाळणे, हेच कष्टाचे उपाय आजही करावे लागतात. एक दांडा राहून बी पडले, तर त्या शेताला ते अनेक वर्षे भोवते.

अमरवेल व टोमॅटो : जीवोपजीवी वनस्पतीमुळे आश्रयाचा किडींविरुद्धचा बचाव कसा बदलतो, याची थेट तपासणी अमरवेलीवरच प्रथम झाली. अमरवेलीला मूळ व हिरवी पाने नसतात. बी रुजल्यावर तिचा दोऱ्यासारखा मोड हवेत डोलत आधार शोधतो. हा शोध आंधळा नसून आश्रयाच्या गंधावरून चालतो, असे जे. बी. रन्यन, एम. सी. मेशर व सी. एम. डी मोराइस या अमेरिकेतील संशोधकांनी २००६ साली दाखविले. टोमॅटो व गहू यांच्यामध्ये ठेवलेला मोड टोमॅटोकडे झुकतो. गव्हाच्या गंधातील एक घटक त्याला दूर सारतो.

याच संशोधकांनी २००८ साली अमरवेलीने ग्रासलेल्या टोमॅटोवर अळ्या सोडल्या. निरोगी झाडात अळीच्या आघातानंतर जेवढे जॅस्मोनिक अम्ल तयार झाले त्याच्या केवळ एक तृतीयांश या झाडांत तयार झाले. अळीच्या शत्रूंना बोलाविणारी बाष्पनशील द्रव्येही त्यांनी सोडली नाहीत. अमरवेलीने आश्रयाला निःसत्त्व केले म्हणून असे झाले, हे उत्तर पुरेसे नव्हते; कारण बाहेरून जॅस्मोनिक अम्ल दिल्यावर तीच झाडे ती द्रव्ये सोडू शकली. अमरवेलीने ते अम्ल शोषून घेतल्याचाही पुरावा मिळाला नाही. ग्रासलेल्या झाडांत सॅलिसिलिक अम्ल अधिक होते व वर उल्लेखिलेली दोन मार्गांतील ओढाताण हे एक कारण ठरले. तथापि, सॅलिसिलिक अम्ल साठू न देणाऱ्या टोमॅटोतही जॅस्मोनिक अम्लाची घट पूर्णपणे भरून निघाली नाही, म्हणजे आणखीही कारणे असली पाहिजेत.

या प्रयोगाचा एक निष्कर्ष पुष्कळदा वगळून सांगितला जातो. बचाव ढिला पडूनही ग्रासलेल्या झाडांवरील अळ्या अधिक वाढल्या नाहीत, उलट सावकाश वाढल्या. जीवोपजीवीमुळे आश्रय किडींच्या तोंडी जातो, असे सरसकट विधान करणे त्यामुळे योग्य ठरत नाही. अळीच्या वाढीवर पानातील विषाप्रमाणेच त्यातील पोषणाचाही परिणाम होतो व अमरवेल दोन्हींत ढवळाढवळ करते. शेतातील हानीचा अंदाज करताना तण आणि कीड यांची स्वतंत्र गणिते मांडून त्यांची बेरीज करण्याची पद्धत म्हणूनच अपुरी आहे.

अमरवेलीचे वेटोळे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते व दोघांत जिवंत पूल तयार होतो. विषाणूंचे एका झाडातून दुसऱ्यात संक्रमण करण्यासाठी वनस्पतिरोगविज्ञानाच्या प्रयोगशाळांत हा पूल फार पूर्वीपासून वापरला जातो. चीनमधील कुन्‌मिंग येथील संशोधकांनी २०१७ साली असे दाखविले की, या पुलावरून इशारेही जातात. एका सोयाबीनच्या झाडाला अळी लागली असता, अमरवेलीने जोडलेल्या शेजारच्या झाडात बचावाची तयारी सुरू झाली. २०१८ साली तर अमरवेल लहान आकाराची रिबोन्यूक्लिइक अम्ले (जनुकांचे आदेश रोखणारे सूक्ष्म रेणू) आश्रयात पाठविते व बचावाशी संबंधित काही जनुकांचे कार्य मंदाविते, असे निष्पन्न झाले.

उलट बाजूही आहे. भारतीय अमरवेल (कस्कुटा रिफ्लेक्सा) टोमॅटोवर सहसा टिकत नाही. तिने मिठी मारलेल्या जागी टोमॅटोच्या पेशी मरून कठीण पापुद्रा धरतात. टोमॅटोतील एक ग्राही-प्रथिन अमरवेलीचा रेणू ओळखून हा प्रतिकार चालू करते, हे जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखविले. त्याचे जनुक तंबाखूच्या एका जातभाईत घातले असता त्याचाही प्रतिकार वाढला. कवक व जंतू यांना ओळखण्याची जी यंत्रणा वनस्पतींकडे असते तीच फुले येणाऱ्या शत्रूलाही ओळखू शकते, ही गोष्ट यामुळे प्रस्थापित झाली.

उपयोजन : या ज्ञानाचा शेतीतील उपयोग अद्याप मर्यादित, पण निश्चित स्वरूपाचा आहे. पर्ड्यू विद्यापीठातील (अमेरिका) जी. एजेटा यांनी विकसित केलेले टारफुला-प्रतिकारी ज्वारीचे वाण आफ्रिकेत लागवडीत आले व त्यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. यांपैकी काही वाणांच्या प्रतिकाराचे मूळ २०१७ साली उलगडले. एका जनुकाच्या अभावी त्यांच्या मुळांतून स्ट्रायगोलॅक्टोनाचा निराळा प्रकार सुटतो. टारफुल्याचे बी त्याने नीट रुजत नाही. केन्यात ज्वारी व मका यांच्या ओळींत डेस्मोडियम ही शिंबावंत वनस्पती लावतात. तिच्या मुळांतील द्रव्ये टारफुल्याचा मोड वाढू देत नाहीत आणि तिच्या गंधाने खोडकिडीचे पतंग दूर राहतात. महाराष्ट्रात टारफुल्यासाठी कापूस व इतर पिकांची फेरपालट, भरपूर खत व फुलोऱ्यापूर्वी उपटणी हे उपाय उपयुक्त आहेत. अमरवेलीचा प्रसार लसूणघासाच्या बियाण्यातून पुष्कळ होतो. तिचे बी बारीक व खडबडीत असल्याने ते चाळून वेगळे काढलेले प्रमाणित बियाणेच पेरावे लागते. शेतात वेल दिसताच ती ज्या झाडांवर चढली असेल त्या झाडांसह कापून जाळावी, कारण तुटलेला तुकडा दुसऱ्या झाडावर पडल्यास पुन्हा वाढू लागतो.